बटणांच्या कारखान्याचं पान

१

सोमवारी सकाळी मी संस्थेचं ग्रंथालय उघडायला गेले तेव्हा कोरियनच्या वर्गातली आमची टेलर दाराशीच उभी होती. एरवी ती संध्याकाळी दुकान बंद करून येते आणि गळ्यातली टेप काढायची विसरते. आज टेप नव्हती, आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई, माझं पान गेलं," ती म्हणाली.

"कसलं पान?"

"कारखान्याचं, विश्वकोशातलं. काल दुपारी होतं, आज नाहीये."

तिनं फोन पुढे केला. जिथे तिचा लेख होता तिथे आता एकच ओळ होती: हा मजकूर दुसरीकडून उतरवलेला असल्यामुळे काढून टाकला आहे. खाली कुठल्याशा ब्लॉगचा पत्ता होता.

आमच्या संस्थेत कोरियन शिकवतात. तिकडे कोरियातही एक वर्ग आहे, तो आपली भाषा शिकतो. कोरियन शिकवणाऱ्या मॅडमनी दोन्ही वर्गांची सांगड घातली. इंटरनेटवर एक खुला विश्वकोश आहे. त्यात कुणीही लिहावं, कुणीही दुसऱ्याचं लिहिलेलं दुरुस्त करावं. आमच्या विद्यार्थ्यांनी आपल्या गावातल्या एखाद्या गोष्टीवर कोरियनमध्ये लेख लिहायचा, तिकडच्यांनी त्यांच्या गावावर आपल्या भाषेत. मग जोडीदारानं जोडीदाराचा लेख सुधारायचा, हे असंच का, असं विचारायचं, भांडायचं. मॅडमचं म्हणणं, भांडता आलं की भाषा आली.

टेलरनं शिंपल्यांच्या बटणांच्या कारखान्यावर लिहिलं. तिची आई तिथे बावीस वर्षं बटणांना भोकं पाडत होती आणि नंतरची नऊ वर्षं खोकत होती. तिचे जोडीदार तिकडचे एकाहत्तर वर्षांचे निवृत्त शिक्षक. ती त्यांना मास्तर म्हणते. दोघांनी मिळून चार महिने तो लेख घासला.

हे सगळं हौस म्हणून नव्हतं. कोरियात वर्षभर राहून भाषा शिकवायचं प्रशिक्षण घेण्याची एक जागा आमच्या संस्थेला मिळाली होती. लेखांवरून निवड झाली होती. यादीत टेलर पहिली होती आणि दुसरे एक दंतवैद्य. वयाची अट चाळीस. टेलरला चाळीस पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

"आणि हे समितीला आलंय," ती म्हणाली. निनावी पत्राची नक्कल होती. 'पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराने लेख चोरला आहे. पुरावा सोबत.' शुक्रवारी अकराला समितीची बैठक होती.

"तू उतरवलंस?" मी विचारलं. विचारायलाच हवं होतं.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला स्वतःचीच लाज वाटली. आणि मग जो राग आला तो शुक्रवारपर्यंत उतरला नाही.

२

मला कोरियन येत नाही. एक अक्षर नाही. पण ग्रंथालयात येण्याआधी मी अठरा वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत, आणि न समजणाऱ्या भाषेचं मुद्रित तपासताना डोळा जास्त तीक्ष्ण असतो, कारण अर्थ मध्ये लुडबुड करत नाही.

टेलरच्या फोनमध्ये तिचा शेवटचा मजकूर होता. तो एका बाजूला ठेवला, ब्लॉगवरचा दुसऱ्या बाजूला, आणि पट्टी घेऊन ओळीमागून ओळ खाली सरकत गेले. दुपारचा डबा तसाच राहिला.

ब्लॉग कुणाचा ते कळत नव्हतं. त्यावर दुसरं काहीच नव्हतं, फक्त हा एक लेख, तारीख आठ महिन्यांपूर्वीची. टेलरनं लिहायला सुरुवात केली त्याच्या चार महिने आधीची. साहजिकच कुणालाही वाटणार की हिनं तिथून उचललं.

दोन्ही मजकूर हुबेहूब होते. फरक चारच सापडले. एका ठिकाणी टेलरच्या लेखात १४ हा आकडा होता, ब्लॉगवर १६. आणि तीन ठिकाणी ब्लॉगवर सुमारे एकेक ओळ गायब होती, वाक्य मध्येच तुटून पुढचं जोडलेलं. शहाणा माणूस असं वाक्य लिहीत नाही आणि चोरही मुद्दाम असं तोडत नाही.

मंगळवारी टेलरला बोलावलं. "हा आकडा कसला?"

"कारखान्यातली पहिली कामगार मुलगी," ती म्हणाली. "चौदाव्या वर्षी कामाला लागली. आरोग्य खात्याच्या जुन्या अहवालात आहे."

"इथे सोळा का?"

तिनं वाकून पाहिलं आणि आकड्यावर बोट ठेवलं.

"बाई, सोळा मास्तरांनी केलं होतं."

३

झालं होतं ते असं. ती कामगार मुलगी डिसेंबरात जन्मली आणि चौदा वर्षांनंतरच्या जानेवारीत कामाला लागली. आपल्या हिशोबानं चौदा वर्षांची. पण कोरियात जुनी माणसं वय वेगळं मोजतात: मूल जन्मताच एक वर्षाचं, आणि दर नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांचं वय एकानं वाढतं. डिसेंबरात जन्मलेलं बाळ महिन्याभरात दोन वर्षांचं. आता कायद्यानं तिकडेही बदललंय, पण एकाहत्तर वर्षांची सवय कायद्याला विचारून जात नाही. मास्तरांनी जन्मसाल पाहिलं, बोटं मोजली आणि चौदाचं सोळा केलं. टेलरनं विचारलं, त्यांनी माफी मागितली, परत चौदा केलं.

"किती दिवस होतं ते सोळा?"

"गेल्या महिन्यात. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी केलं आणि गुरुवारी सकाळी बदललं. तेव्हा लेख कच्चाच होता, पण दुवा असेल त्याला दिसायचा."

मी पट्टी खाली ठेवली. आठ महिन्यांपूर्वीच्या ब्लॉगवर गेल्या महिन्यातली चूक कशी आली? जी चूक जगात फक्त दीड-दोन दिवस होती, आणि तीही मास्तरांच्या बोटांवर तयार झालेली? ब्लॉगची तारीख खोटी होती. कुणीतरी त्या बुधवारच्या आसपास हिचा लेख उचलला, मागची तारीख टाकून ब्लॉगवर ठेवला आणि मग हिलाच चोर म्हटलं.

"हे समितीला दाखवू," टेलर म्हणाली.

"काय दाखवणार? सोळाचं चौदा केलं याचा पुरावा कुठाय?"

"पानाच्या इतिहासात. कोणी, कधी, काय बदललं ते सगळं असतं त्यात..." ती थांबली.

पान गेलं होतं. इतिहासही त्याच्याबरोबर गेला होता.

४

बुधवारी मी दंतवैद्यांना ग्रंथालयात बोलावलं. हिची जागा गेली तर ती त्यांना मिळणार, इतकं साधं होतं. शिवाय मला त्यांचं ते सतत हसणं आवडत नाही. दातांची जाहिरात असल्यासारखं.

"तुम्हाला ब्लॉगवर मागची तारीख टाकता येते का?" मी आडवळण घेतलंच नाही.

"सगळ्यांनाच येते, बाई," ते म्हणाले. "एक खूण करायची, हवी ती तारीख लिहायची. माझ्या क्लिनिकच्या ब्लॉगवर मी करतो की."

"छान. आणि हे तुम्ही मला तोंड वर करून सांगताय?"

त्यांचं हसू गेलं. "तुम्हाला वाटतंय मी केलं."

"मला काय वाटतं ते राहू द्या. ब्लॉगवर तीन ओळी गळून वाक्यं तुटलीत. तुम्ही तिचा कच्चा लेख पाहिला होता?"

"रोज पाहायचो. दुवा मॅडमनी सगळ्या वर्गाला दिला होता. माझ्यापेक्षा चांगला होता, म्हणून पाहायचो." ते उठले. दाराशी जाऊन परत वळले. "मी उचललं असतं तर सगळं एका झटक्यात आलं असतं. निवडा, उचला, चिकटवा. मध्ये तीन ओळी कशा गळतील? तुम्हीच सांगताय ना, वाक्यं तुटलीत?"

मी त्यांना बसा म्हणाले नाही, माफीही मागितली नाही. तेवढा चांगुलपणा त्या दिवशी माझ्यात शिल्लक नव्हता. पण माणूस बरोबर बोलत होता.

मग मॅडम. कंत्राटावर शिकवतात, दर सहा महिन्यांनी नोकरी टिकेल का म्हणून जीव मुठीत. त्या रडल्याच.

"गेल्या महिन्यात त्या आठवड्यात मी नव्हतेच हो. भावाचं ऑपरेशन होतं, सोमवार ते शनिवार मी त्याच्या गावी. दवाखान्यात फोनसुद्धा लागत नव्हता. आल्यावर पाहिलं तर चौदाच होतं."

"मग तिच्या बाजूनं बोलत का नाही?"

"बोलले साहेबांशी. ते म्हणाले, तुमचं कंत्राट महिनाअखेर संपतंय ना." त्यांनी डोळे पुसले. "एवढंच म्हणाले."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तशीच विभागप्रमुखांच्या खोलीत गेले.

५

साहेब खिडकीपाशी उभे होते. समोर नव्या सभागृहाच्या भिंतीवर दोन माणसं शिडीवर चढून पितळी अक्षरं बसवत होती. ज्या घराण्याचा बटणांचा कारखाना होता, त्यांनी बांधून दिलेलं सभागृह. पुढच्या महिन्यात उद्घाटन, आणि साहेबांचं भाषण.

"या, या. तुमचा काय संबंध या प्रकरणात?" त्यांचा आवाज अगदी गोड होता.

"ती मुलगी खरी आहे, एवढाच."

"मी तटस्थ आहे. मी तो लेख पाहिलेलासुद्धा नाही. मला कोरियन येत नाही, आणि स्क्रीनवर वाचणं मला जमत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. पुरावा समोर आहे, समिती ठरवेल." ते खुर्चीत बसले. "वाईट वाटतं हो. शिवणकाम करणारी बाई, एवढी झेप घ्यायला निघाली. पण चार पानांसाठी इतकं करायला नको होतं तिनं. अशा लोकांना शॉर्टकटची सवय असते."

'अशा लोकांना' हे शब्द ऐकले आणि मला पुढचं-मागचं काही ऐकूच आलं नाही. मी काहीबाही बोलून बाहेर पडले. जिन्यात उभी राहून दहा आकडे मोजले. रागात कान बंद होतात, हे मला या वयात कळायला हवं होतं.

खाली आले तर टेलर माझ्या टेबलाशी बसली होती. तिनं आदल्या दिवशी विश्वकोशाच्या त्या रखवालदाराला लिहिलं होतं, ज्यानं पान काढलं. स्वयंसेवक माणूस, नाव घुबड असं घेतलेलं, जगात कुठे बसलाय कुणाला ठाऊक. मला वाटलं होतं, उर्मट उत्तर येईल.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, काढलेलं पान नष्ट होत नाही, फक्त झाकलं जातं. इतिहास त्यांना दिसतो. आठ महिन्यांपूर्वीचा ब्लॉग बघून काढलं, कारण उतरवलेलं पान त्याच दिवशी काढायचा नियम आहे. चुकीचं असेल तर महिनोन्‌महिने चर्चा चालते, पण उतरवलेलं असेल तर चर्चाच नाही." तिनं श्वास घेतला. "आणि त्यानं सगळा इतिहास पाठवलाय. मास्तरांचं सोळा, माझा प्रश्न, त्यांची माफी, तारीख-वेळेसकट. खाली लिहिलंय, मी घाई केली."

"त्या बुधवारचं पान काढ," मी म्हणाले. "जसं होतं तसं. छापून बघू, मला कागदावर बरं वाचता येतं."

ग्रंथालयातल्या छपाईयंत्रानं घरघर करत चार पानं बाहेर टाकली. मी ती उचलली आणि तिथेच उभी राहिले.

६

आमचं छपाईयंत्र मार्चपासून आजारी आहे. ज्या पानावर मजकूर तळापर्यंत भरलेला असतो, त्याची शेवटची ओळ ते गिळतं. दुरुस्तीसाठी मी तीनदा अर्ज दिला, साहेबांनी तीनदा 'पुढील वर्षी पाहू' लिहिलं. मला त्याची इतकी सवय झाली होती की आता ते मला दिसतच नव्हतं.

चार पानं. पहिली तीन भरलेली, चौथं अर्धं. म्हणजे तीन ओळी गिळलेल्या. मी पट्टी घेतली आणि ब्लॉग समोर ठेवला. पहिली तुटलेली जागा: पहिल्या पानाचा तळ. दुसरी: दुसऱ्याचा. तिसरी: तिसऱ्याचा.

ब्लॉगवाल्यानं लेख स्क्रीनवरून उचलला नव्हता. त्या बुधवारी माझ्या यंत्रावर छापलेल्या कागदांवरून उचलला होता. कागदावर फोन धरला की हल्ली अक्षरं उतरून घेता येतात, भाषांतरही मिळतं. भाषा येत असण्याची गरज नाही. आणि भाषा येत नसेल तर तुटलेली वाक्यं दिसतही नाहीत.

या यंत्रावर विद्यार्थ्यांना छापायला परवानगी नाही. दंतवैद्य गेले. मॅडम त्या आठवड्यात गावातच नव्हत्या. मी रोज दोनशे पानं छापून कप्प्यांत टाकते, बहुतेक स्क्रीनवर न वाचणाऱ्या साहेबांनी छापायला पाठवलेली, आणि तीही न वाचता. तसा हा गठ्ठाही टाकला असणार.

तेव्हा कुठे साहेबांचे रागात विरलेले शब्द मला ऐकू आले. 'चार पानांसाठी.' स्क्रीनवरच्या लेखाला पानं नसतात. तो नुसता खाली सरकत जातो. तो चार पानांचा आहे हे फक्त त्यालाच कळतं, ज्यानं तो कागदावर हातात धरला.

"पण साहेब कशाला?" टेलर म्हणाली. "दंतवैद्य काही त्यांचे कोणी नाहीत."

"तुझ्या लेखात काय आहे, मला वाचून दाखव. आपल्या भाषेत."

ती वाचत गेली. शिंपले कसे यायचे, भोकं कशी पाडायचे. मग एक भाग आला, नाव 'धूळ'. शिंपल्यांची धूळ, कामगारांची फुप्फुसं, आरोग्य खात्याचे तीन अहवाल, मालकांनी दडवलेले आकडे, घराण्याच्या नावासकट. खिडकीतून पितळी अक्षरांवर ठोकल्याचा आवाज येत होता.

"हे त्यांनी तुला काढायला सांगितलं होतं?"

"म्हणाले होते, कानावर आलंय, एवढं कडू कशाला. मी म्हटलं, अहवालात आहे तेच लिहिलंय." तिनं छापलेल्या पानांवरची तारीख पाहिली. "त्याच आठवड्यात."

खरं लिहिलेलं काढून टाकता येत नाही; त्यावर चर्चा होते, आणि चर्चा झाली की जास्त लोक वाचतात. उतरवलेलं मात्र त्याच दिवशी जातं. माणसानं नियम नीट वाचला होता. तिची जागा जाणार हे त्याच्या दृष्टीनं किरकोळ नुकसान होतं, आणि याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त संताप आला.

७

शुक्रवारी समितीत तिघं होते: साहेब, मॅडम आणि बाहेरच्या सदस्य म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका, ऐंशीच्या घरातल्या, अध्यक्षस्थानी. टेलर आणि मी समोर. मला बोलवलं नव्हतं. मी गेले.

मी पहिल्यांदा मास्तरांची चूक मांडली, घुबडाच्या पत्रासकट. मुख्याध्यापिका चष्मा सावरून वाचत राहिल्या. "म्हणजे ब्लॉगची तारीख खोटी," त्या म्हणाल्या. "छान. कुणी केलं?"

"ते आपल्याला कसं कळणार?" साहेब म्हणाले. "विषय मिटला असं समजू."

"एक विचारू, साहेब? धुळीबद्दलचा भाग फार लांबलाय असं तुम्हाला वाटतं का?"

"मी आधीच सांगितलंय, मी पाहिलेला नाही." मग त्यांना राहवलं नाही. "पण दीड पान धुळीवर म्हणजे जरा अतीच."

मॅडमनी मान वर केली. मी चार कागद टेबलावर ठेवले. गिळलेल्या तीन ओळींखाली लाल रेघा मारून टेलरचा पूर्ण मजकूर शेजारी ठेवला, आणि त्याच्या शेजारी ब्लॉग. कोणत्या यंत्रानं त्या ओळी गिळल्या, आणि त्याच्या दुरुस्तीच्या अर्जांवर कुणाच्या सह्या आहेत, तेही दाखवलं.

"न पाहिलेल्या लेखातली दीड पानं तुम्ही मोजली कशी?" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

साहेबांनी घुबडानं पाठवलेले कागद पुढे ओढले. त्यांना पहिल्यांदाच समजत होतं की ज्याला ते पुस्तकाचं पान समजत होते, ते फाडलं तरी कुठेतरी शाबूत होतं. "संस्थेसाठी केलं," ते शेवटी म्हणाले. "तुम्हाला काय माहीत, ते सभागृह मिळवायला मी काय काय केलं ते."

"मी गेल्या महिन्यात इथे असते तर..." मॅडम बोलल्या. "तर तुम्ही माझ्यावर ढकललं असतं. कंत्राट गेलं तरी चालेल, पण मी हे लिहून देणार."

८

इतिवृत्त साहेबांच्याच लेखनिकानं लिहून आणलं. 'गैरसमजातून उद्भवलेला प्रकार. उमेदवार निर्दोष. जागा कायम.' टेलरपुढे सहीसाठी ठेवलं. मला वाटलं, ती झटकन सही करेल आणि आम्ही बाहेर पडू.

तिनं वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"गैरसमज कुणाचा झाला?" ती म्हणाली. "माझा नाही. यांचाही नाही. यांना सगळं नीट समजलं होतं."

"अगं, जागा मिळाली ना," मॅडम हळूच म्हणाल्या.

"कुणी काय केलं ते लिहा. नाहीतर मी सही करणार नाही, जागा दंतवैद्यांना द्या."

चाळीस व्हायला दोन महिने, आणि ही बया शब्दावर अडून बसली. मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवला नाही, पण पेनही उचललं नाही.

साहेब म्हणाले, "शब्दांवरून कशाला ताणायचं?"

"आई कारखान्यातून निघाली तेव्हा कागद आणला होता," टेलर म्हणाली. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, मुख्याध्यापिकांशी बोलत होती. "त्यावर कारण लिहिलं होतं, घरगुती अडचण. आईला धड श्वास घेता येत नव्हता. मी तिचा अंगठा धरून कागदावर टेकवला. मी सोळा वर्षांची होते, मला वाचता येत होतं."

मुख्याध्यापिकांनी कागद ओढून घेतला, 'गैरसमजातून' वर काट मारली आणि सावकाश, शाळेत फळ्यावर लिहायच्या तशा मोठ्या अक्षरात, विभागप्रमुखांच्या नावासकट, काय घडलं ते तीन ओळींत लिहिलं. मग कागद साहेबांपुढे सरकवला. "आधी तुम्ही."

साहेबांनी सही केली. मग टेलरनं पुन्हा सगळं वाचलं, पहिल्या शब्दापासून, आणि आपलं नाव लिहिलं.